बटाट्याचं वाढं

बटाट्याची गाडी आली की आमच्याकडं आधी कढई तापते आणि मग गाडीचा फाळका पडतो. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. ड्रायव्हरला तर रागच येतो, कारण तो इंदूरकडून लांबचा पल्ला मारून आलेला असतो आणि त्याला माल टाकून आंघोळ करायची घाई असते. पण आमचे भट्टीवाले चाचा कुणाचं ऐकत नाहीत. पुढच्या पोत्यातला एक, मधल्या पोत्यातला एक, पार तळातला एक, असे बटाटे ते स्वतः उपसून काढतात, हातानं काप पाडतात आणि तेलात सोडतात. काप पिवळसर पांढरे निघाले तर गाडी खाली होते. लाल निघाले तर बटाट्यात साखर उतरलेली असते, आणि तसला बटाटा फुकट दिला तरी आम्हाला नको. घरी त्याची भाजी झकास होते. वेफर्स मात्र करपल्यासारखे दिसतात, जिभेवर आधी गोड लागतात आणि मागून कडू. "ले जाव भाई, इसका हलवा बनाव," असं म्हणून चाचा ड्रायव्हरला परत पाठवतात. मग ड्रायव्हर मालकांना फोन लावतो, मालक चाचांना विचारतात, आणि चाचा फोनजवळसुद्धा जात नाहीत, लाल काप तेवढे टोपलीत घालून ऑफिसात पाठवून देतात.

मी इथं निवडणीच्या पट्ट्यावर लागले आणि आता बायकांच्या पाळीची सुपरवायझर आहे. सुपरवायझर म्हणजे सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांपेक्षा जास्त बोलायचं. दुसरं काम मला जन्मतःच येत होतं. फॅक्टरी केजहून युसूफ वडगावला जाणाऱ्या रस्त्याला आहे. बाहेरून बघितलं तर नुसतं लांबडं पत्र्याचं शेड, मागं चिमणी, पुढं गेट. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांची बागायती आहे, ऊस आहे, राजकारणात ऊठबस आहे. माझा नवरा इथलाच टेम्पो चालवतो. धारूरच्या बाजाराला, खेड्यापाड्यातल्या किराणा दुकानांना पुड्यांच्या माळा पोचवतो आणि चतुर्थी आली की लिंबागणेशला उपवासाचे वेफर्स घेऊन जातो. त्या दिवशी टेम्पो रिकामाच परत येतो.

बाहेरच्यांना वाटतं, वेफर्स म्हणजे काय, बटाटा कापला, तळला, झालं. तसं असतं तर आम्ही एवढ्या बायका तिथं काय करतो? बटाटा आधी पाण्याच्या हौदात पडतो, माती सोडतो. मग सालकाढ्या मशीनमध्ये जातो. ते आतून खरखरीत असतं, घासूनघासून साल काढतं. पण यंत्राला डोळे नसतात. बटाट्याचे काळे कोंब, हिरवे डाग, सडका भाग ते तसंच ठेवतं. म्हणून पुढं मोठ्या टेबलाभोवती बायका छोटे चाकू घेऊन उभ्या असतात आणि तेवढाच खराब भाग टोकरून काढतात. याला आम्ही छाटणी म्हणतो. मग काप पडतात, काप धुतले जातात, धुतल्याशिवाय तळले तर एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो. मग तेल, मग मीठ-मसाल्याचं फिरतं पिंप, आणि शेवटी निवडणीचा पट्टा. तिथं करपलेले, दुमडलेले, तेल धरलेले वेफर्स वेचून काढायचे. पट्टा थांबत नाही. पहिल्या दिवशी नव्या बाईला घेरी येते, दुसऱ्या दिवशी ती घरी जाऊन झोपेत हात हलवते आणि नंतर ती पट्ट्याकडं न बघता शेजारणीशी भांडू शकते.

मीठ बरोबर आहे का ते चाचा चाखून सांगतात. रमजानात त्यांचा रोजा असतो, तेव्हा ते दर घाण्यातला एक वेफर माझ्या हातावर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात. मी एकादशी धरली असेल तर आमचं दोघांचंही अवघड होतं. मग चार बायका चार चवी सांगतात आणि चाचा कपाळावर हात मारून घेतात.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या धाकट्या दिराची बायको. आमचं एकच घर, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. ती आणि दीर दर वर्षी ऊसतोडीला जायचे. लग्नानंतर पहिले काही हंगाम मीही गेले होते, मग नवऱ्यानं ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि आमची सुटका झाली. तिची झाली नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, ऊसतोडीत एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, त्यात भांडीकुंडी, शेरडं, लेकरं घालून टोळी कारखान्याच्या मुलखात निघते आणि उन्हं तापल्यावर परत येते.

धाकटीला एकच मुलगी, तेव्हा ती दहावीत गेली होती. सासूबाई होत्या तोवर हंगामात ती त्यांच्याजवळ राहायची. सासूबाई गेल्या आणि प्रश्न उभा राहिला. त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी धाकटी माझ्या दारात येऊन बसली. हातात पुरणाची वाटी होती, पण ती वाटी द्यायला आली नव्हती.

"आक्का, औंदा मी न्हाई जायची."

"कावून?"

"मी गेले की ह्ये पोरीचं लगीन उरकून टाकतेत. स्थळ बी बघून ठेवलंय. टोळीतलाच हाय."

मी दिराशी बोलायला गेले. दीर वाईट माणूस नाही. पण भ्यालेला होता. म्हणाला, "वहिनी, तुमी दोघं बी दिवसभर भाईर. वयात आलेली पोरगी एकटी घरात ठिवायची कशी? काय इपरीत झालं तर? पोरगा चांगला हाय, पीत न्हाई." पोरगा पीत नाही, एवढ्यावर पोरीची दहावी बुडणार होती. मला फार राग आला. पण रागात बोलून पोरीचा फायदा नव्हता. आई घरी राहिली तर मुलगी शाळेत राहणार, आई ट्रॅक्टरवर चढली तर मुलगी बोहल्यावर चढणार, इतका सरळ हिशोब होता. आणि आईला घरी राहायचं तर हाताला इथंच काम पाहिजे. दिरानंही तेवढं कबूल केलं. "तुमच्या फॅक्टरीत तिला कायम घ्या म्हणावं," तो म्हणाला, "मग मी चुलतभावासंगट जातो."

भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "आण. दसऱ्यापर्यंत बघू."

मी तिला आधी माझ्या डोळ्यांसमोर, निवडणीच्या पट्ट्यावर उभं केलं. तिथं तिचा निभाव लागला नाही. धाकटीचे तळहात म्हणजे वाळलेली भाकरी. वर्षानुवर्षं कोयता धरून आणि मोळ्या बांधून कातडी अशी झालेली की बोटांत धरलेला वेफर तिला कळतच नव्हता. ती करपलेला वेफर उचलायची आणि त्याच्यासोबत तीन चांगल्यांचा चुरा करायची. चुरा बघून तिलाच रडू येत होतं. "ह्ये काय पापडावानी नाजूक," असं म्हणून ती पदराला हात पुसत राहिली. शेजारच्या बायका हसल्या. मी त्यांना दटावलं, पण हसू मलाही येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला छाटणीच्या टेबलाला लावलं, हातात चाकू दिला. आणि मग काय विचारता! बाकीच्या बायका बटाटा फिरवून फिरवून डाग शोधत असत, तोवर हिचे तीन बटाटे झालेले असायचे. खट खट आवाज यायचा. तिच्या पुढचा ढीग वितळल्यासारखा कमी व्हायचा. मी येताजाता बघायची आणि छाती फुगवून पुढं जायची. माझी जाऊ म्हणून मीच चार जणींना सांगितलं. भाऊ एकदा दारातून बघून गेले आणि मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या दोन-तीन दिवसांतच चाचांची कुरकुर सुरू झाली. पोती तेवढीच रिकामी होत होती, पण माल कमी निघत होता. आधी त्यांनी सालकाढ्या मशीनवर संशय घेतला, बटाटा जास्त वेळ घासला जातोय म्हणून. मग कापणीची पाती काढून बघितली. मग बटाटाच पाणचट आहे म्हणून गाडीवाल्याला शिव्या घातल्या. मीसुद्धा त्यांच्याबरोबर मशीनला कान लावून उभी राहिले. छाटणीच्या टेबलाकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही, कारण तिथं काम सगळ्यात झकास चाललं होतं.

अशाच एका संध्याकाळी पाळी सुटली. आमचे वॉचमन म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गेटवर ते प्रत्येकीची पिशवी अशी बघतात, जणू आम्ही विनातिकीट चाललोय. धाकटी माझ्या पुढं होती आणि तिच्या डोक्यावर पोतं होतं. खताचं रिकामं पोतं असतं ना, ते, निम्म्याच्या वर भरलेलं, वर सुतळीनं बांधलेलं. डोक्यावर ओझं असलं की तिची चाल सरळ होते. ती वॉचमनच्या समोरून अगदी ताठ निघाली.

"ओ बाई, थांबा. काय हाय ह्यात?"

"वाढं," धाकटी म्हणाली.

"कसलं वाढं?"

"माजं. शेरडाला न्यायलेय."

वॉचमननं पोतं खाली उतरवलं आणि सुतळी सोडली. आत बटाटे. म्हणजे पूर्ण बटाटे नव्हेत, बटाट्याची टोकं. एकेक अंगठ्याएवढं जाड, पांढरं स्वच्छ, चांगलं खाण्यासारखं. प्रत्येक बटाट्याचा शेंडा आणि प्रत्येक बटाट्याचा बुडखा.

गेटवर एवढी गर्दी झाली आणि त्या गर्दीत फक्त मला कळलं काय झालंय ते. उसाच्या फडात असंच करतात. ऊस बुडातून जमिनीलगत तोडायचा, मग वरचा हिरवा शेंडा, त्याला वाढं म्हणतात, तो छाटायचा. ऊस कारखान्याला जातो. वाढं तोडणाऱ्याचं. त्याच्या पेंढ्या बांधून आपल्या जनावरांना घालायच्या, उरल्या तर गावात विकायच्या. त्यावर मुकादम बोलत नाही, कारखाना बोलत नाही, शेतमालकाला पाहिजे असेल तर तोही मागून घेतो. धाकटीनं सगळं आयुष्य हेच केलं होतं. हातात धारदार पातं दिलं, समोर तोडायला माल दिला, मग तिनं मालाचा शेंडा आणि बुडखा छाटून बाजूला ठेवला आणि टेबलाखाली साठवलेला आपला वाटा पाळी सुटल्यावर डोक्यावर घेऊन निघाली. लपवून नेलं नव्हतं, म्हणूनच ती इतकी ताठ चालत होती.

भाऊ ऑफिसातून आले. पोत्यात हात घालून त्यांनी ती टोकं वर काढली, आणि चाचांच्या घाण्यातला माल कुठं जातोय हे एका क्षणात सगळ्यांना समजलं.

"चोरी व्हय?" भाऊ म्हणाले.

"चोरी कसली भाऊ?" धाकटी गडबडली नाही, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "म्या तोडलं, वाढं माजं."

कुणीतरी फिसकन हसलं. मला एकाच वेळी हसूही आलं आणि रडूही. मी मध्ये पडून सगळं सांगितलं. भाऊंना सांगायची गरज नव्हती. त्यांच्याच उसाचं वाढं दर वर्षी कोण नेतं हे त्यांना माहीत होतं.

"हा ऊस न्हाई, बाई," ते तिला म्हणाले. "ह्यो बटाटा मी इकत आणतो. ह्याचा शेंडा बी माजा आन् बुडखा बी माजा."

"भाऊ, तुमच्या फडातून कुणी वाढं नेलं तर तुमी पोतं सोडून बघता का?" माझ्या तोंडून गेलंच.

"फडाची गोष्ट येगळी." ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "उद्यापासून तिला आणू नको."

वॉचमननं पोतं रिकामं करून परत दिलं, घडी घालून. हे मात्र त्यांनी बरं केलं.

घरी जाताना धाकटी पोत्याची घडी काखेत मारून माझ्या पुढं पुढं चालत होती. मला वाटलं अपमान लागला असेल. मग तिनं विचारलं, "आक्का, त्या बुडख्यांचं ते करतेत काय?"

"मागच्या खड्ड्यात टाकतात. सालीसकट."

"खड्ड्यात?" ती रस्त्यातच उभी राहिली. "शेरडं उपाशी आन् ह्ये खड्ड्यात?" कामावरून काढल्याचं दुःख तिला तोवर पोचलंच नव्हतं, ते घराजवळ आल्यावर पोचलं. दारात मुलगी अभ्यासाला बसली होती. तिनं वर बघून विचारलं, "माय, आज उशीर?" आणि धाकटी तशीच आत निघून गेली.

दिरानं काही टोमणा मारला नाही. त्यानं फक्त मुकादमाला होकार कळवला, आणि पोराकडच्यांना दसऱ्यानंतर या म्हणून सांगितलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं.

मी दुसऱ्या दिवसापासून कामावर तोंड बंद ठेवलं. माझं तोंड बंद म्हणजे फॅक्टरीत सुतक पडल्यासारखं होतं. चाचांनी विचारलं, "क्या हुवा, मीठ कमी हाय का जादा हाय, सांग तरी." मी त्यांना मुलीचं सांगितलं. त्यांना तीन मुली आहेत.

मग नवरात्र तोंडावर आलं. आमच्या धंद्यात नवरात्र म्हणजे सुगी. मुलूखभर उपवास, आणि उपवासाला वेफर्स चालतात. त्याच्यासाठी कढई घासूनपुसून घ्यायची, तेल नवं, शेंगदाण्याचं, मसाल्याचं पिंप बंद, नुसतं सैंधव मीठ. मागणी इतकी की छाटणीच्या टेबलाला बायका पुरत नव्हत्या. त्यात दोघी जणी घट बसवायचे म्हणून माहेरी गेलेल्या. चाचांनी भाऊंना सरळ सांगितलं की काप येत नाहीत आणि रिकामं तेल नुसतं जळतंय. त्या दुपारी भाऊ माझ्याजवळ आले.

"तुझी जाऊ घरीच हाय का?"

"घरीच हाय. टोकं खातेय," मी म्हणाले.

भाऊ हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "दसऱ्यापर्यंत आण. आन् तिला नीट दाखव."

मी घरीच दाखवायला बसले. किलोभर बटाटे आणले. धाकटीनं पहिला बटाटा घेतला आणि सवयीनं शेंडा उडवला. मी तिच्या हातावर चापट मारली. तिला म्हटलं, अगं, उसात गोडी बुडाला असते, शेंडा फिका असतो, म्हणून तू शेंडा टाकतेस. बटाट्याला ना बूड ना शेंडा, सगळीकडून सारखाच. आणि आम्हाला गोडी नकोच आहे. फक्त डाग काढायचा, बाकी बटाट्याला हात लावायचा नाही. तिला हे पटायला वेळ लागला. हाताला तर फारच वेळ लागला. खट करून खाली येणारा हात मध्येच थांबवायचा म्हणजे तिला अंग आखडल्यासारखं व्हायचं. मुलगी पुस्तक बाजूला ठेवून आईसमोर बसली आणि प्रत्येक वेळी "माय, शेंडा!" म्हणून ओरडायची. आमच्या दोन्ही घरांत त्या आठवड्यात बटाट्याशिवाय भाजी झाली नाही. दीरसुद्धा निमूटपणे जेवत होता. एकदा मात्र ताटाकडं बघून म्हणाला, "नवरात्र हाय का बटाट्याचा सप्ता हाय?" बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

नवरात्रभर ती टेबलाला होती. पहिल्यासारखी झपाझप नाही, पण सगळ्यांच्या बरोबरीनं. हात आखडून, ओठ दाबून. संध्याकाळी मी तिच्या पुढचं घमेलं बघायची, त्यात नखाएवढे काळे डाग. माल भरपूर निघाला. चाचा खूश झाले. मी मनात धरून चालले की आता हिला कायम करणार.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. सालकाढ्याला झेंडूचा हार, कढईला हळदकुंकू, वॉचमनच्या खुर्चीलाही एक फूल. आपट्याची पानं देताना मी भाऊंना विचारलं, "भाऊ, तिचं काय ते सांगा. परवा ट्रॅक्टर हाय."

"बघू," ते म्हणाले.

आमच्याकडं बघू म्हणजे नाही. सरळ नाही म्हटलं की माणूस भांडतो, बघू म्हटलं की वाट बघत बसतो. दुसऱ्या दिवशी भाऊ कुठल्याशा बैठकीला बीडला गेले. दिवसभर फोन लागला नाही. मी मेसेज टाकला, नवऱ्याला फोन करायला लावला, चाचांनाही लावायला सांगितला. काही उपयोग झाला नाही.

ट्रॅक्टरच्या दिवशी सकाळी गावाच्या चौकात सगळी टोळी जमली होती. दीर भांडी चढवत होता. कोयते गोणपाटात गुंडाळलेले. मुलगी शाळेचा ड्रेस घालून, दप्तर पाठीला लावून उभी होती, कारण आज शाळेत जायचं की नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्या पोरीकडं बघवेना. मी धाकटीला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं, की भाऊंचा होकार आलेला नाही, फोन लागत नाही, मी कसलाही शब्द देऊ शकत नाही.

ती दिराजवळ गेली. "मी न्हाई येत," म्हणाली. "तुमी जावा चुलतभावासंगट."

"त्यांनी हो म्हणलंय का?"

"न्हाई."

"मग? तितं बी काम न्हाई आन् ट्रॅक्टर बी गेला, तर मंग काय करशील?"

"ते मी बघते. पोरीच्या लग्नाचं मातर तुमी माघारी येईस्तोवर कुणी नाव काढायचं न्हाई."

मला वाटलं आता हात उचलतो की काय. त्यानं उचलला नाही. त्यानं ट्रॅक्टरमधून तिच्या कपड्यांचं गाठोडं काढलं आणि तिच्या हातात दिलं. मग मुलीकडं वळून म्हणाला, "शाळंला उशीर हुईल. जाय." मुकादमानं तोंड वाकडं केलं, दोन-चार शब्द बोलला. चुलतभाऊ सडाच होता, दोघांचा मिळून कोयता झाला. माझ्याशी मात्र दीर बोलला नाही. ते मला फार लागलं, अजूनही लागतं.

आम्ही दोघी फॅक्टरीत आलो. धाकटीनं गाठोडं टेबलाखाली ठेवलं आणि चाकू उचलला. थोड्या वेळानं रस्त्यानं एकामागून एक ट्रॅक्टर जायला लागले. प्रत्येकावर भोंगा, प्रत्येकावर वेगळं गाणं. आमच्या गावाचा कुठला ते आवाजावरून कळत नव्हतं. टेबलावरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं, कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. ती मान खाली घालून छाटत होती. आवाज पार बंद झाला तेव्हा तिनं विचारलं, "आक्का, गेला का?"

"गेला."

तिनं पुढचा बटाटा घेतला. भाऊंनी नाही म्हटलं तर हिचं काय करायचं, मुलीला काय सांगायचं, दिराला कुठल्या तोंडानं फोन करायचा, मला काही सुचत नव्हतं.

भाऊ संध्याकाळी आले, पाळी सुटायच्या बेताला. शेडमध्ये फेरी मारली, चाचांशी बोलले, आणि छाटणीच्या टेबलाशी येऊन थांबले.

"ही अजून इथंच? दसरा झाला की."

मी तोंड उघडलं, पण धाकटी माझ्या आधी बोलली. चाकू खाली न ठेवता. "ट्रॅक्टर गेला, भाऊ. आता मला पाठवायचं आसंल तर तुमच्या गाडीत घालून कारखान्यावर सोडून या. पर आदी माज्या पोरीला जाऊन सांगा, शाळा सोड म्हणून. ते मला जमायचं न्हाई."

टेबलावरचे सगळे चाकू थांबले. भाऊंनी तिच्या घमेल्यात बघितलं. एक काळा तुकडा उचलून बोटांनी दाबून बघितला, पातळ होता. मग त्यांनी दुसऱ्या बायकांच्या घमेल्यांत बघितलं, कशासाठी ते देव जाणे.

"शेरडं किती हायेत?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"सालीचं पोतं न्यायचं तर रोज गेटवर सोडून दाखवायचं. हिरवी सालं येगळी काढत जा, शेरडाला बाधतेत." आणि ते ऑफिसकडं गेले. कायम केलं, ठेवून घेतलं, असलं एक अक्षर ते बोलले नाहीत. तिला ठेवून घेतलंय हे कळायला आम्हालाही जरा वेळ लागला. मग चाचा भट्टीवरून ओरडले, "अरे, काप भेजो, तेल जलरा!" आणि चाकू परत सुरू झाले.

त्या हंगामात मुलगी रोज शाळेतून सुटली की सरळ फॅक्टरीच्या गेटवर यायची. घरी एकटी थांबायचं नाही, हे बापाला फोनवर कबूल केलेलं होतं. वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसून अभ्यास करायची. वॉचमन तिला गणितं घालायचे, सगळी तिकिटांची आणि सुट्ट्या पैशांची. पाळी सुटली की धाकटी पोतं आणून तिच्याजवळ ठेवायची, वॉचमन सुतळी सोडून बघायचे, परत बांधायचे. बघण्यासारखं काही नसायचं, पण त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

परीक्षा जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. वॉचमन रजेवर होते आणि त्यांच्या जागी नवा माणूस उभा होता. धाकटी हात धुवायला मागं राहिली होती, मी तिच्यासोबत होते. मुलगी पोतं धरून गेटवर पोचली.

"काय हाय गं ह्यात?" नव्या माणसानं विचारलं.

"वाढं," ती म्हणाली. घरात आम्ही सगळे तसंच म्हणायचो, तिनंही तसंच सांगितलं.

धाकटी माझ्या शेजारून ओल्या हातांनी धावत गेली. मला कळेना काय झालं. तिनं मुलीच्या हातातून पोतं घेतलं, स्वतः सुतळी सोडली आणि त्या नव्या माणसाला आत दाखवलं.

"सालं हायेत, दादा. बटाट्याची सालं," ती म्हणाली. मग मुलीकडं वळली. आवाज चढलेला नव्हता, पण मी तिला इतकं कडक बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तू वाढं म्हणायचं न्हाई. फडातला शबुद हाय त्यो, माज्या तोंडात हाय त्ये ऱ्हाऊ दे. तुज्या तोंडात नगं."

मुलगी घाबरून "बरं माय" म्हणाली. धाकटीनं पोतं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि आम्ही तिघी घराकडं निघालो. वाटेत मुलीनं विचारलं, परीक्षेत भूमितीचं काय काय येईल. आम्हा दोघींपैकी कुणालाच ते सांगता आलं नाही.